दुब्रोवनिकला जायचंय? गडावर जाता तसं जा

दुब्रोवनिक हे एक सुंदर शहर आहे असं समजून आम्ही गेलो आणि तिथेच पहिली चूक झाली. पहिल्या दिवशी सकाळी आरामात नाश्ता केला, आवरून साडेअकराला बाहेर पडलो. पायात चपला, तिघांत मिळून पाण्याची एक अर्ध्या लिटरची बाटली. बाराच्या ठोक्याला तटावर चढलो. सप्टेंबरचं ऊन, पायाखाली पांढरा दगड, सावलीचं नाव नाही आणि पुढेमागे नुसती माणसं. अर्ध्या वाटेत आई एका बुरुजाच्या सावलीला टेकली आणि म्हणाली, "अरे, हा गड आहे. गडावर कुणी भर बारा वाजता चढतं का?"

आईचं खरं होतं. क्रोएशियाच्या दक्षिण टोकाला, एड्रियाटिक समुद्रात घुसलेल्या खडकावर उभा असलेला हा गडच. १,९४० मीटर लांबीचा तट, काही ठिकाणी २५ मीटर उंच. खंदक आहे, उचलता पूल आहे, बुरुज आहेत. फरक एवढाच की आतली वस्ती उठून गेलेली नाही. दोऱ्यांवर कपडे वाळत असतात, तटाला लागून पोरांचं बास्केटबॉलचं मैदान आहे. पुढचे चार दिवस आम्ही गडाच्या हिशेबाने काढले आणि सहल मार्गी लागली. जे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं ते खाली क्रमाने लिहितोय.

१. आधी महिना ठरवा, मग जहाजं बघा

जुलै-ऑगस्ट टाळा. ऊन, गर्दी आणि भाडी तिन्ही एकदम चढलेली असतात. मे किंवा मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर हा उत्तम काळ. हिवाळ्यात सगळं स्वस्त असतं, पण निम्म्या खाणावळी बंद, लोक्रुम बेटाची होडी बंद आणि वर 'बुरा' नावाचा कोरडा, गार उत्तरी वारा. दक्षिणेकडून येतो तो 'युगो', दमट आणि डोकं जड करणारा. दुब्रोवनिक 'रागुसा' नावाचं स्वतंत्र प्रजासत्ताक होतं तेव्हा युगो सुटला की महत्त्वाचे निर्णय पुढे ढकलत, असं तिथले लोक अजून हसत हसत सांगतात.

महिना ठरला की लोक एक गोष्ट हमखास विसरतात. इथे समुद्रपर्यटनाची मोठी जहाजं येतात. एका जहाजातून हजारो माणसं सकाळी उतरतात आणि संध्याकाळी परत जातात. २०१९ पासून एका वेळी दोनच जहाजं असा नगरपालिकेने जहाज कंपन्यांशी करार केला आहे, पण दोन जहाजंही गावाला जड होतात. कुठल्या दिवशी कोणतं जहाज किती वाजता लागणार याचं वेळापत्रक बंदर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतं. ते उघडा आणि ज्या दिवशी जहाज नाही किंवा उशिरा आहे तो दिवस तटासाठी राखून ठेवा. बाकी सगळं त्याभोवती बसवा.

२. व्हिसा: 'मल्टिपल' हा शब्द विसरू नका

१ जानेवारी २०२३ ला क्रोएशिया एकाच दिवशी शेंगेनमध्येही (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) गेला आणि युरोतही. जुन्या प्रवासवर्णनांत कुना नावाचं चलन आणि क्रोएशियाचा वेगळा व्हिसा दिसेल. ते सगळं मागे पडलं. आता नेहमीचा शेंगेन व्हिसा लागतो. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, वर व्हिसा केंद्राचा सेवाआकार. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो जायला हवा. पंधरा दिवसांवर विसंबू नका, दोन-अडीच महिने हातात ठेवा. अनेक देश करणार असाल तर जिथे मुक्काम सर्वात जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा.

कागद असे लागतात:

- पासपोर्ट: दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध, दोन पानं कोरी
- भरलेला अर्ज आणि ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचे फोटो
- किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा
- जायचं-यायचं विमान आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा
- बँकेचं खातेविवरण आणि आयकर विवरणपत्रं
- नोकरदारांसाठी रजेचं पत्र. निवृत्तांसाठी पेन्शनचे कागद
- दिवसवार कार्यक्रम, एका पानात मावेल असा

आता सापळा. अर्जात 'किती वेळा प्रवेश' असा रकाना असतो. आमच्या एजंटने त्यात एकदाच अशी खूण केली आणि मी न वाचता सही ठोकली. दुब्रोवनिकहून मॉन्टेनेग्रोमधलं कोतोर आणि बोस्नियातलं मोस्तार ही दोन्ही गावं एका दिवसात करून येण्यासारखी आहेत, पण ते दोन्ही देश शेंगेनबाहेर. एकदा सीमा ओलांडली की एकेरी व्हिसा संपला, परत यायची वाट बंद. बहुप्रवेशी व्हिसा असेल तर भारतीयांना त्या दोन देशांत त्याच व्हिसावर जाताही येतं आणि परतही येता येतं. कोतोरच्या खाडीचे फोटो आम्ही फोनवर बघितले.

३. जागा ठरवताना पायऱ्या मोजा

'ओल्ड टाउनच्या मध्यभागी' हे शब्द वाचून हुरळू नका. तटाच्या आत मधोमध स्त्रादुन नावाचा सपाट हमरस्ता आहे, जेमतेम तीनशे मीटर. त्याच्या दोन्ही अंगांना गल्ल्या आहेत आणि गल्ली म्हणजे जिना. आम्ही घेतलेली खोली स्त्रादुनपासून 'दोन मिनिटांवर' होती. ती दोन मिनिटं म्हणजे एकशे बारा पायऱ्या, तेवीस किलोची बॅग डोक्यावर. आत गाडी येत नाही, रिक्षा नाही.

घरमालकाला आधी एकच प्रश्न विचारा: रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती? उत्तर टाळलं तर समजून जा. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर लापाद किंवा ग्रुझ भागात राहा आणि बसने गावात या. लापाद समुद्राला लागून, चालायला सपाट. ग्रुझ हे बंदर. तिथे सकाळचा मासळी-भाजीबाजार आहे आणि बसचा मुख्य तळही शेजारीच. आईला तिसऱ्या दिवशी लापादला हलवलं तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, "हां, आता बरं वाटलं."

४. पोचायचं कसं, आणि दोन प्लोचे

मुंबईहून थेट विमान नाही. इस्तंबूल किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर बदलावं लागतं. विमानतळ चिलिपीला, गावापासून साधारण वीस किलोमीटरवर. तिथून विमानांच्या वेळा धरून बस सुटते. ती आधी जुन्या गावाच्या पिले दरवाज्याजवळ थांबते आणि मग ग्रुझच्या तळावर. बसमध्ये डाव्या खिडकीला बसा. एका वळणानंतर तटबंदी एकदम समोर येते.

दुब्रोवनिकला रेल्वे नाही. इथेच दुसरा सापळा. जुन्या गावाच्या पूर्वेच्या दरवाज्याचं नाव प्लोचे. प्लोचे नावाचं आणखी एक गाव उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर आहे, त्याला रेल्वे स्थानक आहे. नकाशात 'प्लोचे' टाकून तिकीट काढलं तर भलतीकडे उतराल. स्प्लित शहराहून येत असाल तर बसला साधारण चार-साडेचार तास. पूर्वी या रस्त्यात बोस्नियाची न्यूमजवळची चिंचोळी पट्टी ओलांडावी लागे. २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल झाल्यापासून ती टाळता येते. एकेरी व्हिसावाल्यांनी तरी बस कुठल्या मार्गाने जाते ते विचारूनच बसावं.

शहरातल्या बसचं तिकीट टपरीवर घ्या, ड्रायव्हरकडे महाग पडतं.

५. तटबंदी: इथे घाई नको

आम्ही गेलो त्या २०२५ च्या मोसमात तटाचं तिकीट ४० युरो होतं आणि एका दिवसाचा दुब्रोवनिक पासही ४० युरोच. पासमध्ये तट, रेक्टरचा राजवाडा, काही संग्रहालयं आणि शहर बस सगळं येतं. म्हणजे नुसतं तटाचं तिकीट घेण्यात काही अर्थ नाही. दर दरवर्षी बदलतात, निघण्याआधी अधिकृत पानावर बघून घ्या. तिकिटावर तटावर एकदाच प्रवेश मिळतो. खाली उतरलात की संपलं. आम्ही पहिल्या दिवशी आईसाठी मध्येच उतरलो आणि दुसऱ्या दिवशी परत चाळीस-चाळीस युरो मोजले. तुमचे वाचावेत म्हणून सांगतो.

तटावर एकाच दिशेने चालायचं, घड्याळाच्या उलट. चढायच्या जागा तीन: पश्चिमेला पिले, पूर्वेला प्लोचे आणि जुन्या बंदराजवळ सेंट जॉन बुरुज. बहुतेक सगळे पिलेला रांग लावतात, कारण बस तिथेच सोडते. पिलेहून चढलात की आधी समुद्राची सपाट बाजू लागते आणि मिंचेता बुरुजाची मोठी चढण येते ती अगदी शेवटी, पाय दमल्यावर. प्लोचेहून चढलात तर ती चढण सुरुवातीलाच, सकाळच्या गारव्यात संपते. मग उतरत पिलेकडे यायचं आणि समुद्राची बाजू निवांत करायची. मोसमात दार सकाळी आठला उघडतं. पावणेआठला प्लोचेपाशी हजर राहा. दुसऱ्या दिवशी आमच्यापुढे फक्त एक जपानी जोडपं होतं.

वर गेल्यावर तट बघा, नुसता समुद्र नको. जमिनीच्या अंगाला भिंत चार ते सहा मीटर जाड आहे, समुद्राच्या अंगाला दीड ते तीन. तोफा डोंगराकडून येणार हे बांधणाऱ्यांनी धरलेलं होतं. मिंचेता हा सर्वात उंच बुरुज. तो १४६४ मध्ये युराय दाल्मातिनात्स या वास्तुकाराने पुरा केला. तिथून खाली बघितलं की छपरांचे दोन रंग दिसतात. काही कौलं मळकट, पिवळसर, काही लालबुंद. लालबुंद आहेत ती युगोस्लाव्हिया फुटतानाच्या युद्धानंतरची. १९९१ मध्ये गावाला वेढा पडला, ६ डिसेंबरला सर्वात मोठा मारा झाला आणि बरीचशी छपरं गेली. कुठल्या घरावर गोळा पडला याचा नकाशा दरवाज्याशी लावलेला आहे. तो आधी बघून वर जा, म्हणजे लाल रंग मोजत चालाल.

त्याच पासवर लोव्रियेनात्सही बघा, बरेच जण ते सोडतात. पिले दरवाज्याबाहेर ३७ मीटर उंच सुळक्यावर हा वेगळा किल्ला आहे. त्याच्या समुद्राकडच्या भिंती बारा मीटरपर्यंत जाड आहेत आणि गावाच्या बाजूची भिंत फक्त साठ सेंटिमीटर! मी हाताने मापून बघितली, कोपरापासून बोटांपर्यंत एक हात आणि वर थोडं. कारण? किल्लेदार फितूर झाला तर गावातून तोफ डागून ती भिंत पाडता यावी. आपल्याकडच्या फितुरीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दारावर लॅटिन ओळ कोरलेली आहे, तिचा अर्थ: सगळ्या सोन्याच्या मोलानेही स्वातंत्र्य विकू नये. हे लोक तुर्की सुलतानाला खंडणीही वेळेवर पोचवत, ही गोष्ट त्या ओळीखाली उभं राहून आठवली की गंमत वाटते. तोफा, तट आणि खंडणी या तिन्हींच्या जोरावर रागुसाचं प्रजासत्ताक टिकलं, ते थेट १८०८ मध्ये फ्रेंचांनी मोडेपर्यंत.

६. खाली, गावात

दहा वाजता तटावरून उतरलात की जहाजांची गर्दी वर चढत असते. तुम्ही तेव्हा गल्ल्यांत शिरा.

पिलेच्या आत लगेच ओनोफ्रियोचं मोठं कारंजं लागतं, १४३८ चं. सोळा दगडी मुखवट्यांच्या तोंडातून पाणी येतं. बारा किलोमीटरवरच्या झऱ्यावरून नळाने आणलेलं ते पाणी लोक आजही पितात. गडावरच्या टाक्यावर भरतो तशी बाटली इथे भरा, विकतचं पाणी घेऊ नका. समोरच फ्रान्सिस्कन मठ आणि त्यातली औषधशाळा, १३१७ पासूनची. मठात संग्रहालय आहे आणि औषधं अजूनही विकतात. माझ्या बायकोने गुलाबाचं क्रीम घेतलं, ते संपलं तरी डबी ठेवलीय.

६ एप्रिल १६६७ ला मोठा भूकंप झाला आणि गाव कोसळलं. आपला सिंधुदुर्ग पुरा झाला त्याच साली. स्त्रादुनवरची एकसारखी घरं त्यानंतरची आहेत, आणि म्हणूनच इतकी शिस्तीत. रेक्टरचा राजवाडा आधीचा, वाचलेला आणि डागडुजी केलेला. रेक्टर म्हणजे राज्याचा प्रमुख, पण निवड फक्त एका महिन्यासाठी. तो महिना त्याने राजवाड्यातच राहायचं. सभागृहाच्या दारावर लिहिलंय: खासगी विसरा, सार्वजनिक बघा.

गावाचा रक्षक संत व्लाहो, म्हणजे सेंट ब्लेज. हातात गावाची छोटी प्रतिकृती घेतलेली त्याची मूर्ती दरवाज्यांवर आणि तटावर जिथे तिथे दिसेल. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला याच संताचं, साओ ब्राझचं चर्च आहे आणि त्याचं नातं रागुसाहून आलेल्या व्यापाऱ्यांशी सांगितलं जातं. गोव्याला नेहमी जाणाऱ्यांनी पुढच्या वेळी तिकडे वाकडी वाट करावी.

सकाळी गुंदुलिच चौकात छोटा बाजार भरतो. तिथे संत्र्याच्या सालीच्या साखरेत मुरवलेल्या पट्ट्या मिळतात, त्यांना 'अरांचिनी' म्हणतात. विकणाऱ्या आजींनी आईच्या हातावर एक ठेवली. आईने चावली, डोळे मिटले आणि मराठीतच विचारलं, "पाक एकतारी की दोनतारी?" आजींनी मान डोलावली. कशासाठी ते आम्हाला अजून कळलेलं नाही, पण पाव किलो घेतल्या.

प्लोचे दरवाज्याबाहेर लाझारेती म्हणजे विलगीकरणाच्या इमारती आहेत. बाहेरून आलेल्यांनी तीस दिवस वेगळं राहावं असा कायदा इथे १३७७ मध्येच झाला होता.

७. डोंगर आणि बेट

गावामागचा सर्ज डोंगर ४१२ मीटर उंच. रोपवे चार मिनिटांत वर नेतो. सूर्यास्ताला रांग मोठी असते, तासभर आधी जा. जोराचा वारा असला की रोपवे बंद. म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका. पायवाटही आहे, नागमोडी, दगडगोट्यांची, सावली नाही. ट्रेकवाल्यांना काहीच वाटणार नाही, पण सकाळीच. वर नेपोलियनच्या काळातला इम्पीरियल किल्ला आहे, त्यात युद्धाचं संग्रहालय. ते मात्र बघाच. खाली मोजलेल्या लाल कौलांचा उलगडा तिथे होतो.

लोक्रुम बेट जुन्या बंदरातून होडीने पंधरा मिनिटांवर. एका दिवसाच्या पासमध्ये येत नाही, वेगळं तिकीट. जुना मठ, पाइनची सावली, पोहायला खडक आणि मोकाट मोर. आपल्याला मोराचं अप्रूप नाही, पण एकाने बायकोच्या हातातली पोळी पळवली. शेवटची होडी कितीची ते उतरतानाच विचारा, बेटावर रात्री राहता येत नाही.

८. पोटाचं काय?

मासे खाणाऱ्यांची चंगळ. म्हाकुलाच्या काळ्या शाईतला भात म्हणजे 'त्सर्नी रिझोत', तारलीच्या जातीची तळलेली 'स्र्देले', मालीस्तोनची कालवं. मालवणी माणसाला मसाला कमी वाटेल, पण मासळी ताजी असते. एक सापळा: अख्ख्या माशाचा भाव मेनूवर किलोचा लिहिलेला असतो. वेटर ताटात मासा दाखवायला आणेल, तेव्हाच वजन आणि रक्कम विचारून घ्या. आम्ही कौतुकाने नुसती मान हलवली. बिल आलं तेव्हा मी आकडा दोनदा वाचला.

शाकाहाऱ्यांनी 'मांस नको' एवढंच सांगून भागत नाही, मासा त्यात धरत नाहीत. 'बेझ मेसा, बेझ रिबे' म्हणा: मांस नको, मासा नको. चार्ड आणि बटाट्याची लसूण घातलेली 'ब्लित्वा' ही भाजी आपल्या पालक-बटाट्याची मावसबहीण. बेकरीला 'पेकारा' म्हणतात. तिथे 'बुरेक सा सिरोम' मागा, चीजचं. नुसतं 'बुरेक' म्हणालात तर मांसाचं येऊ शकतं. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि पोह्यांचं पाकीट न्या, हे काही मी सांगायला नको. आभार मानायला 'ह्वाला' म्हणतात. बायको दर वेळी 'हवाला' म्हणायची, चाललं.

९. बॅगेत काय हवं

- पकड असलेले बूट. स्त्रादुनचा दगड शतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालाय. पाऊस पडला की शेवाळलेल्या कातळासारखा
- टोपी आणि माणशी एक लिटरची बाटली
- पाण्यात घालायचे रबरी बूट: किनारे गोट्यांचे आहेत आणि खडकावर काटेरी समुद्री साळू असतात
- पाठीवरची सॅक. चाकांची बॅग पायऱ्यांवर शत्रू
- अंगावर एखादा सदरा: पोहण्याच्या कपड्यांत किंवा उघड्याने जुन्या गावात फिरलात तर दंड होतो

१०. परत निघताना

विमानतळाची बस जाताना पिलेला थांबेल या भरवशावर राहू नका. परतीचा थांबा रोपवेच्या खालच्या स्थानकाजवळ आहे, आणि तिथे पोचायला जुन्या गावातून परत चढण आहे. आदल्या दिवशी एकदा चालून वेळ मोजून ठेवा. बॅग घेऊन आम्हाला दुप्पट लागला. बसमध्ये या वेळी उजव्या खिडकीला बसा.